त्रेसष्टावी चिठ्ठी

सकाळी सव्वासात वाजता चर्चमध्ये चौदा बाकं होती. एका बाकावर सहा माणसं धरली तर चौऱ्याऐंशी जागा. पाहुण्यांसाठी मागे मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या वीस. गीतांची पुस्तकं एक्कावन्न, त्यांतल्या नऊंचे पुठ्ठे गेलेले. पंखे पाच, फिरणारे तीन. वेदीच्या टेबलापुढे तिवईवर पितळी घंगाळ एक, आणि त्यात पाणी पाच लिटर.

पाणी यादवबाबांनी स्वतः मोजून ओतलं होतं. मीनाने दवाखान्यातून आणून दिलेलं प्लॅस्टिकचं माप त्यांच्याकडे होतं, लिटरचं, मिलीच्या रेघा असलेलं. गेल्या अडतीस वर्षांत या चर्चमध्ये झालेल्या प्रत्येक बाप्तिस्म्याचं पाणी त्यांनीच भरलं होतं. लहान लेकराला दीडशे मिली लागतं आणि मोठ्या माणसाला अडीचशे, हे त्यांना कुठल्याही पाळकापेक्षा पक्कं ठाऊक होतं. उरलेलं पाणी पुन्हा मोजायचं आणि दाराजवळच्या मोगऱ्याला घालायचं. त्याशिवाय त्या दिवसाचं काम संपलं असं त्यांना वाटत नसे.

"बाबा, एकट्या तेजूसाठी पाच लिटर?" मीना आत येत म्हणाली. "बाप्तिस्मा द्यायचाय की आंघोळ घालायचीय?"

"घंगाळ भरल्यावानी दिसायला पायजे. कमी पाण्यात हात घातला का पितळ वाजतं."

मीना त्यांची थोरली. त्रेचाळीस वर्षांची, एका दवाखान्यात हेड सिस्टर. घरातलं कुठलंही कार्य ती वॉर्ड चालवल्यासारखं चालवायची, आणि आजचं कार्य तर भावाच्या, मयूरच्या, पहिल्या लेकीचं होतं. तिच्या हातातल्या कागदावर अठरा कामं होती. पंधरांवर खूण झाली होती. सोळावं काम होतं, 'तेजूला पाण्यापर्यंत कोण आणणार'. त्यापुढे तिने 'आई' असं लिहिलं होतं.

यादवबाबांच्या, म्हणजे भोयेंच्या, घरात रीत होती. घरातलं सगळ्यात थोरलं बाप्तिस्मा झालेलं माणूस बाळाला उचलून पाण्यापर्यंत आणतं. मयूरला आईने आणलं होतं, मीनाच्या दोन्ही मुलांनाही आईनेच. बाबा दर वेळी घंगाळ भरून दाराशी जात आणि घंटेचा दोर धरून उभे राहत.

तेवढ्यात संजना बाळाला घेऊन आली. तिच्यामागे मयूर, हातात दुधाची बाटली, खांद्यावर टॉवेल.

"मीनाताई, तेजूला बाबा आणतील ना?" संजना म्हणाली.

"अगं, आई आणेल. ठरलंय तसं."

"तुमचं ठरलंय. मी मयूरला दोन महिन्यांपूर्वी सांगितलंय." संजना शांत होती, आणि ती शांत असली की मयूर घाबरायचा. "बाप्तिस्म्याला हो म्हणताना मी एकच गोष्ट मागितली होती. मी बौद्ध घरातली. तुमच्या विधीतलं मला फारसं कळत नाही. पण पाच महिने ही पोरगी बाबांच्या हातात झोपलीय. त्यांनी उचललं की गप्प होते. तिच्या आयुष्यातला पहिला मोठा दिवस, आणि तिचं सगळ्यात आवडतं माणूस दाराबाहेर दोर धरून उभं राहणार?"

"बाबांचा बाप्तिस्मा झालेला नाही, संजना. रीत आहे आपली."

"मग रीत बदला. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. तोवर चालायला लागेल, स्वतःच येईल पाण्याकडे."

"पुढच्या वर्षी?" मीनाचा आवाज चढला. "मागे पंधरा किलो घोटीचा तांदूळ धुऊन ठेवलाय! ऐंशी माणसं यायचीत! मयूर, तू काहीतरी बोल."

मयूरने बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते तपासलं.

मीना बाबांकडे वळली. पाच वर्षांची असताना, ईस्टरला, तिचा बाप्तिस्मा झाला होता; आईचा आदल्याच वर्षी झालेला. त्या दिवशी बाबांचाही व्हायचा होता. पांढरा सदरा शिवून आला होता. पण बाबा आलेच नाहीत. आले ते दारापर्यंत, आणि त्यांनी दोर धरला. तो सदरा पुढे घंगाळ पुसायला गेला. कॉलेजला जाईपर्यंत मीना दर वर्षी विचारत होती. मग तिने सोडून दिलं होतं.

"बाबा, आज परत विचारते. का नाही?"

"बोलावणं नाय, पोरी," यादवबाबा म्हणाले. अडतीस वर्षं हेच उत्तर होतं. मग त्यांनी संजनाकडे हात पुढे केले. तेजू त्यांच्या हातात गेली, तिने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण मुठीत धरलं आणि ती गप्प झाली.

संजनाने मीनाकडे पाहिलं.

*

धम्मपाल पगारे साडेआठला अंबडहून स्कूटरवर आले. संजनाचे वडील. सत्तावीस वर्षं एका इंजिनिअरिंग कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. खिशात मोबाइलच्या शेजारी नगांची जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर असायचा. तो आज रविवारीही होता, सवयीने.

"सलाम, यादवदादा," ते चर्चच्या आवारातल्या चिंचेखालच्या बाकाशी येऊन म्हणाले.

"जय भीम, पगारेभाऊ," यादवबाबा म्हणाले.

सोयरीक झाल्यापासून एकाने ख्रिस्ती लोकांचा 'सलाम' आणि दुसऱ्याने 'जय भीम', असा दोघांनी एकमेकांचा नमस्कार बदलून घेतला होता. कुणी ठरवलं नव्हतं.

बाकावर सुयश बसला होता, मंडळीचा नवा पाळक. वय एकोणतीस, सेमिनरीतून येऊन आठ महिने झालेले. मांडीवर प्रवचनाचे कागद. मयूर शेजारी उभा राहून त्याला हार्मोनियमच्या दोन मुक्या पट्ट्यांबद्दल सांगत होता.

"आज काय बोलणार आहात, पाळकसाहेब?" पगारेंनी विचारलं. "आमचे पण वीस लोक येतायत. समजेल असं बोला."

"निवडीबद्दल," सुयश उत्साहाने म्हणाला. "आमची श्रद्धा अशी की जग घडायच्या आधीच देवाने माणसाला निवडलं. त्याच्या कर्तबगारीकडे बघून नाही, नुसत्या कृपेने. आता तेजूचंच बघा. तिने अजून काही चांगलं केलेलं नाही, काही वाईट केलेलं नाही—"

"वाईट केलंय," मयूर म्हणाला. "माझा चष्मा मोडलाय."

"तरीही निवड!" सुयश हसला.

पगारे हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. त्यांनी रुमालाने बाक पुसलं, बसले आणि नीट विचार करून बोलले. "मला तुमचा तो शब्दच खटकतो. निवड म्हटली की गाळणं आलंच. अमका आत, तमका बाहेर. आणि ते जन्माच्या आधीच ठरलेलं. जन्माआधी ठरलेल्या गोष्टींचा आमच्या लोकांना भरपूर अनुभव आहे, साहेब. आजोबांच्या पिढीपर्यंत तर पाण्याचासुद्धा."

तेजू यादवबाबांच्या खांद्यावर झोपली होती.

"खरं आहे," सुयश म्हणाला. "मी याच ठिकाणी तीन वर्षं अडकलो होतो. अजून पूर्ण निघालोय असं नाही."

एवढा सरळ कबुलीजबाब पगारेंना अपेक्षित नव्हता. त्यांना त्या पोराची दया आली, आणि त्यांनी स्वतःच डोकं चालवायला घेतलं. कारखान्यातही ते असंच करायचे; आधी नग नापास करायचे आणि मग तो पास कसा करता येईल ते शोधायचे.

"एक बघा. आमच्याकडे पाचशे नगांचा लॉट येतो. सगळे मोजत बसायला वेळ नसतो. मी त्यातले पन्नास उचलतो. बघून बघून नाही, असेच, हात घालून. आता ते पन्नास काय माझे लाडके असतात का? उरलेले साडेचारशे मी फेकून देतो का? नाही. पन्नास उचलले ते सगळ्यांच्या वतीने. ते पास झाले की अख्खा लॉट पास. तुमचा देव असं निवडत असेल, तर माझी काही तक्रार नाही."

सुयश त्यांच्याकडे बघतच राहिला. "हे परत सांगा," तो म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं. "मी हे प्रवचनात घेऊ?"

"घ्या. पण माझं नाव नको. कंपनीत कळलं तर म्हणतील, पगारे रविवारी चर्चमध्ये जाऊन लॉट पास करतो."

मयूर इतक्या मोठ्याने हसला की तेजू दचकली. यादवबाबांनी तिला थोपटलं, आणि थोपटता थोपटता विचारलं, "साहेब, ज्याला उचललंच नाय, त्याला कसं कळतं?"

सुयशने तोंड उघडलं. त्याच्याकडे उत्तर होतं, पुस्तकातलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून ते त्याला देववलं नाही. तेवढ्यात आतून मीनाची हाक आली, मायक्रोफोन चालू होत नव्हता, आणि तो व मयूर दोघंही आत पळाले.

*

पगारे मात्र तिथेच बसले. प्रश्न विचारून माणूस गप्प झाला की त्यात काहीतरी असतं, एवढं त्यांना सत्तावीस वर्षांत कळलं होतं.

"यादवदादा, तो प्रश्न कुणाचा होता?"

यादवबाबांनी चर्चच्या दाराकडे पाहिलं. घंटेच्या दोराशेजारी भिंतीत एक कोनाडा होता. त्यात तेलाची बाटली, काड्यापेटी आणि एक पत्र्याची डबी असायची. ते उठले, तेजूला पगारेंच्या मांडीवर दिलं आणि डबी घेऊन आले. तेजू कुरकुरली. पगारेंनी कॅलिपर काढून तिच्या हातात दिला.

डबीत कागदाचा एक तुकडा होता. बोटभर रुंद, चार घड्या घातलेला. एका बाजूला जुन्या कॅलेंडरमधला लाल 'सात' छापलेला. दुसरी बाजू कोरी.

"मी पेठकडचा. डोंगरातला," यादवबाबा म्हणाले. "इथं माळीकामाला आलो. कमळीनं आधी धरलं हे ख्रिस्ताचं. मग माझं पण मन झालं. आमच्यात अशी चाल हाय का वरसाच्या पयल्या रविवारी डब्यात चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठीवर देवाचं वचन. ज्याला जी येईल ती त्याची, वरीसभर. देवानं त्याला सांगितलेली. सत्त्याऐंशी साल. मी पयल्यांदा आत बसलो होतो, बाकावर. डबा फिरत फिरत आला. मी सगळ्यांच्या मागून हात घातला. ही आली."

"कोरी."

"माला तवा वाचता येत नव्हतं. पण काहीच नाय, हे कळायला वाचावं लागत नाय. बाजूवाल्याच्या चिठ्ठीवर अक्षरं होती. कमळीच्या चिठ्ठीवर पण. मी म्हटलं, सगळ्यांशी बोलला, माझ्याशी नाय बोलला. त्याची मर्जी. त्याच्या घरी काम करायला तर त्यानं नाय नाय म्हटलं. म्हणून घंटा धरली."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कमळीनं इचारलं, काय आलं? म्हटलं, चांगलं हाय. ती लय खुशीत होती, भाऊ. तिचं कशाला मोडू?"

पगारेंनी चिठ्ठी उन्हात धरली. उलटी केली, सुलटी केली. त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त काहीतरी टोचत होतं. हिशोब बसत नव्हता.

"डब्यात चिठ्ठ्या किती होत्या?"

"बासष्ट. तवाचे पाळक मोठ्यानं बोलले होते, बासष्ट सभासद, बासष्ट वचनं. माझ्या लक्षात हाय."

"तुम्ही धरून बासष्ट?"

"मी कसा? माझा बाप्तिस्मा नव्हता. यादीत नाव नाय."

"त्या दिवशी कुणी गैरहजर?"

"नवीन वरसाच्या पयल्या रविवारी कोण घरी बसतो? उलट दोघं आजारी होते त्यांना खाटेसकट आणलं."

"सगळ्यांनी एकेकच घेतली?"

"एकेकच."

पगारे उठून उभे राहिले. तेजूला उचलून त्यांनी यादवबाबांच्या हातात दिलं. "मग नीट ऐका. बासष्ट माणसं, बासष्ट वचनं. ज्याची त्याला मिळाली. तुम्ही सगळ्यांच्या मागून हात घातला तेव्हा डबा रिकामा असायला हवा होता. तुमचा हात मोकळा यायला हवा होता. तो आला नाही. त्यात एक नग जादा होता, यादवदादा. तुमच्यापुरता जादा. कोरा का, ते मला माहीत नाही. पण जादा नग आपोआप येत नाही. कुणीतरी टाकतं. त्या चिठ्ठ्या कुणी केल्या होत्या?"

यादवबाबांनी अडतीस वर्षांत ही बेरीज केली नव्हती. बाकं मोजली, पुस्तकं मोजली, मिलीलिटर मोजले. ही नाही.

"कमळीनं," ते म्हणाले.

*

मागच्या शेडमध्ये कमळाबाई मटणाच्या पातेल्याशी उभ्या होत्या. एका बाजूला मंडळीतल्या सरुबाई आणि लताबाई नागलीच्या भाकरी थापत होत्या. पहिली वाफ आली होती आणि कमळाबाई मीठ चाखत होत्या, तेव्हा व्याही आत आले. व्याह्यांनी स्वयंपाकाच्या जागी यायचं नसतं, म्हणून कमळाबाईंनी घाईघाईने पदर नीट केला.

"कमळाताई, एक विचारायचंय. सत्त्याऐंशी सालच्या चिठ्ठ्या तुम्ही केल्या होत्या?"

"हो," कमळाबाई गोंधळून म्हणाल्या. "पाळकीणबाईंनी मला लिहायला शिकवलं होतं ना. मग म्हणाल्या, हात बसेल, चिठ्ठ्या तू कर. शहाऐंशीचं कॅलेंडर कापून केल्या होत्या. का?"

"किती कापल्या?"

कमळाबाईंच्या हातातला डाव थांबला. त्यांना टेबल आठवलं, कंदील आठवला, दोन कागद आठवले. एकावर बासष्ट नावं, एकावर बासष्ट वचनं. एकेक अक्षर बघून बघून चित्र काढल्यासारखं उतरवलेलं. आठ दिवस लागले होते.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या.

"त्रेसष्टावी का?"

"ह्यांच्यासाठी." त्या सरुबाईंकडे बघून थोड्या लाजल्या. "यादीत नाव नव्हतं ना ह्यांचं. मी बाकावर शेजारी घेऊन बसणार, डबा समोर येणार, सगळ्यांच्या हाताला काहीतरी लागणार आणि ह्यांनी हात घातला तर आत नुसता पत्रा. मला ते बघवलं नसतं. म्हणून एक तुकडा जास्तीचा कापून टाकला. लिहायला वचन नव्हतं. तेव्हा मला बघूनच लिहिता यायचं, मनानं नाही. म्हटलं, ज्याला कोरी येईल तो पाळकांना विचारेल, पाळक तोंडाने सांगतील. पण कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, डब्याच्या तळाशी राहिली असेल."

"राहिली नव्हती," पगारे म्हणाले.

कमळाबाईंना समजायला दोन क्षण लागले. मग त्यांनी डाव तसाच हातात धरला आणि त्या निघाल्या. रस्सा शेडपासून चिंचेपर्यंत थेंब थेंब सांडत गेला.

"यादव!" त्या ओरडल्या. पेठकडच्या बायका नवऱ्याला अरेतुरे करतात. नाशकात येऊन कमळाबाईंनी लोकांसमोर ते बंद केलं होतं. आज विसरल्या. "चिठ्ठी कुठाय? दाखव!"

यादवबाबांनी दाखवली. कमळाबाईंनी लाल सात पाहिला. डिसेंबरचा पहिला रविवार. शेवटी उरलेल्या पानातून तोच कापला होता.

"अडतीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं ही घेऊन बसलास? मला इचारायला तोंड नव्हतं तुला?"

"तू खुशीत होतीस."

"खुशीत होते! आणि त्यानंतर रोज तुझ्यासाठी गुडघे टेकत होते! गुडघ्याच्या वाट्या गेल्या माझ्या!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि डाव हवेत हलत होता. "अरे, ती तुझीच होती. बासष्ट जणांच्या चिठ्ठ्या मला दिलेल्या होत्या म्हणून केल्या. एकच मी माझ्या मनानं केली. ती तुझी."

"माला वाटलं, त्यानं मला सोडलं."

"त्यानं कसलं सोडलं? माझ्या हातात कात्री कुणी दिली? मला कधी साधी बेरीज येत नव्हती, आणि त्या दिवशी मी मोजून बघितलं की एक कमी पडतंय. ते काय माझं डोकं होतं?"

आवाज ऐकून मीना बाहेर आली, तिच्यामागे मयूर, सुयश, संजना. काय झालं ते पगारेंनी चार वाक्यांत सांगितलं, तपासणीचा अहवाल द्यावा तसं. संजनाने वडिलांचा दंड धरला. मीना बाबांच्या हातातला तो तुकडा बघत होती. त्या चिठ्ठ्या आईबरोबर तिनेही घड्या घालून डब्यात टाकल्या होत्या, पाच वर्षांची असताना. हे तिला आत्ता आठवलं.

तिने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "घंगाळात पाच लिटर पाणी आहे."

सुयशच्या लक्षात आलं. "मीनाताई, मला खूप आवडेल. पण मोठ्या माणसासाठी तीन महिन्यांचे वर्ग असतात. मंडळीला आधी कळवायचं असतं. नियम—"

"नियम मला सांगू नका, या चर्चचे निम्मे नियम मीच टाइप केलेत," मीना म्हणाली. "तीन महिने म्हणजे बारा रविवार. हे माणूस अडतीस वर्षं प्रत्येक रविवारी दारात उभं राहून प्रवचन ऐकतंय. तुमच्या आधीच्या नऊ पाळकांची ऐकलीत. आणि मंडळीचं म्हणाल तर ऐंशी माणसं पंधरा मिनिटांत इथेच येतायत. तेव्हाच कळवू."

"ताई, सकाळी तर तू—" मयूर म्हणाला.

"सकाळी सकाळचं होतं. तू हार्मोनियमकडे बघ."

सुयश यादवबाबांसमोर बाकावर बसला. "बाबा, तुम्हाला हवंय का?"

"माला कधीपासून हवंय," यादवबाबा म्हणाले. "पण एक सांगतो. माझं यात काही नाय. यादीत नाव नव्हतं, लिहायला वाचायला येत नव्हतं. चिठ्ठी दुसऱ्यानं कापली, डब्यात दुसऱ्यानं टाकली, माझ्यापतूर दुसऱ्यानं आणली. मी नुसता हात घातला. तो पण सगळ्यांच्या मागून. एवढं चालतं का?"

सुयशने मांडीवरचे प्रवचनाचे कागद गोळा केले, घडी केली आणि खिशात ठेवले.

"चालतं, बाबा," तो म्हणाला. "एवढंच चालतं."

कमळाबाईंनी डाव मागोमाग आलेल्या लताबाईंकडे दिला आणि सुयशच्या खिशातलं पेन काढून घेतलं. "आण ती चिठ्ठी. आता मला मनानं लिहिता येतं."

यादवबाबांनी चिठ्ठी छातीशी धरली. "नको. अशीच राहू दे. ही आता वाचता येते माला."

*

साडेनऊला घंटा वाजवायला दोराशी कुणी नव्हतं. यादवबाबा पुढच्या बाकावर बसले होते, सत्त्याऐंशीनंतर पहिल्यांदा, आणि बाक हललं की मागे वळून दाराकडे बघत होते.

"किती वेळा ओढायचा?" पगारेंनी दारातून विचारलं.

"बारा!" यादवबाबा आतून ओरडले. "झटका नको, वजन सोडायचं!"

पगारेंनी बाह्या दुमडल्या. मंगलाबाई, त्यांची पत्नी, त्यांच्याकडच्या लोकांना घेऊन नुकत्याच फाटकात पोचल्या होत्या. नवऱ्याला चर्चच्या घंटेला लटकलेलं पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. "अहो, हे काय?"

"इन्स्पेक्शन," पगारे म्हणाले. दोर हातात आल्यावर त्यांना फार मजा वाटली, आणि मंगलाबाईंशी बोलण्याच्या नादात मोजणं चुकलं. घंटा तेरा वेळा वाजली.

सुयशचं प्रवचन सात मिनिटांत संपलं. त्यात एक कारखाना होता, पाचशे नग होते, कुणाचं नाव नव्हतं, आणि पगारेंचे वीसच्या वीस पाहुणे त्यांच्याकडे बघत होते. मग सुयशने मंडळीला विचारलं की आज एकाऐवजी दोन बाप्तिस्मे असले तर कुणाची हरकत आहे का. कोण, ते सांगितल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आम्हाला वाटलं, त्यांचा झालेलाच आहे!" आणि सगळं चर्च हसलं.

यादवबाबा घंगाळाशी गेले. वाकल्यावर त्यांना पाण्यात स्वतःचा चेहरा दिसला, फिरणाऱ्या पंख्यासकट. सुयशने ओंजळ भरली, एकदा, दोनदा, तीनदा. पाणी त्यांच्या कपाळावरून भुवयांत, भुवयांतून गालांवर आलं, तिथून सदऱ्याच्या खिशात, जिथे चिठ्ठी होती. सवयीने त्यांनी खाली किती सांडलं ते बघितलं.

मग त्यांनी मागे वळून हात पुढे केले. संजना उठली. तिने तेजूला त्यांच्या ओल्या हातांत दिलं आणि ती तिथेच, त्यांच्या शेजारी उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कमळाबाई. तेजूने सदऱ्याचं वरचं बटण धरलं. पाणी पडलं तेव्हा तिने डोळे मिटले, उघडले, शिंकली. रडली नाही.

मीनाने अठराव्या कामावर खूण केली. मग नोंदवही उघडली, तारीख घातली आणि दोन ओळी लिहिल्या. तेजस्विनी मयूर भोये, वय पाच महिने. यादव भोये, वय एकाहत्तर वर्षे. दुसऱ्या ओळीत 'पाण्याजवळ कोणी आणले' या रकान्यात ती क्षणभर थांबली, आणि तिने 'पत्नी' असं लिहिलं.

जेवणं उरकल्यावर, भाताची शेवटची परात रिकामी झाल्यावर, यादवबाबांना आठवलं. ते उठायला लागले, पण तेजू त्यांच्या मांडीवर झोपली होती.

"बसा तुम्ही. मी बघतो," पगारे म्हणाले.

त्यांनी मिलीच्या रेघांचं माप घेतलं. घंगाळ तिवईवरून उतरवलं, पाणी मापात भरून डोळ्यांच्या पातळीला धरून वाचलं, आणि प्रत्येक माप मोगऱ्याच्या मुळाशी ओतलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं पूर्ण भरलं. पाचवं सहाशेच्या रेघेपर्यंत आलं.

"किती?" यादवबाबांनी बाकावरून विचारलं.

"चार लिटर सहाशे," पगारे म्हणाले.